आठ-नऊचा पाना

भिमाजी : ...अरं पण बल्बच गेलाय ना? मग एवढा आरडाओरडा कशापायी? नवा आणलाय की मी. हा बघ, खिशात हाय.

सावळाराम : तुला कुणी सांगितलं व्हतं आणायला?

भिमाजी : वैनींनी. सकाळी विहिरीवर भेटल्या. म्हनल्या, जावयाला धोंड्याचं बोलावणं द्यायला डिंगोऱ्याला जायाचंय, आन् ह्यांचं आपलं एकच, गाडीचा दिवा लागत न्हाई.

सावळाराम : खोटं हाय का? येताना नारायणगावातच अंधार पडतो. हायवेनं काय चाचपडत येऊ?

सारजाबाई : आधी चाक बसलं व्हतं. मग पोटात मुरडा आला. काल म्हनं दिवस चांगला न्हाई. आज दिवा. धोंड्याचा महिना संपत आला भावजी, पर ह्यांची कारणं काय संपंनात.

सावळाराम : त्यांनी तरी कुठं बोलावलं आपल्याला? पोरगं झालं, तवा आलं का कुणी सांगायला घरापतुर?

सारजाबाई : कोण येणार? तुमच्या दारात पुन्हा अपमान करून घ्यायला? पहिलटकरीण पोरगी माझी, आन् बाळंत झाली सासरी! आख्ख्या अवसरीत दुसऱ्या कुणाच्या घरी झालंय का आसं? नातू रांगायला लागला म्हनं. म्हनं! माझा नातू कसा दिसतो, हे मला बाजारातल्या बाया सांगत्यात.

भिमाजी : गाडीचा एक पाना हरवला, त्यापायी एवढं?

सारजाबाई : पान्यापायी न्हाई भावजी, पिशवीपायी. मागच्या धोंड्याला जावई पहिल्यांदा जेवायला आलं. मी पाट मांडला, पुरणाचं धोंडं वाफाळत व्हतं. गोरखराव मोरीत हातपाय धुवायला गेलं, आन् ह्यो मानूस ओसरीवर त्यांच्या पिशवीत कोपरापतुर हात घालून बसलेला! जावई दारात उभं, हातात टावेल. पिशवी घेतली, शालनला म्हनलं चल. ताट तसंच ऱ्हायलं. मी ते म्हशीला घातलं.

सावळाराम : मग पाना गेला कुठं? ओसरीवर आमी दोघंच व्हतो. मी दिव्याची वायर जोडत व्हतो, त्यो बॅटरीचा उजेड धरून बसलेला. पान्याला काय पंख फुटलं?

भिमाजी : आरं पर आठ-नऊचा पाना चोरून जावई करणार काय त्याचं? करदोड्यात ओवणार?

सावळाराम : साधा न्हवता त्यो. मुंबईचा व्हता. आरशासारखा. आपल्याकडं मिळत न्हाई तसला माल.

सारजाबाई : मुंबईच्या चोरबाजारातनं आणलेला! ते बी सांगा की. पाना चोरबाजारातला, आन् चोर कोण? तर माझा जावई.

भिमाजी : हॅ हॅ हॅ... वैनी, लई झालं राव. धरा हा नवा बल्ब... न्हाई, थांबा, आधी दिव्याची रिंग सुटू द्या.

सावळाराम : ए भिमाजी! स्क्रू सोडू नको म्हनलं ना? त्या दिव्याला आजवर माझ्याबिगर कुणाचा हात लागला न्हाई. मंचरच्या मिस्तऱ्याला बी लावू दिला न्हाई.

भिमाजी : म्हनून तर गाडी दोन वर्सं खुळखुळत व्हती तुझी. तू ओढ्यापलीकडं आसलास तरी गावाला कळायचं, सावळाराम आला. मिस्त्री म्हनायचा आवाज म्होरनं येतोय, तू म्हनायचास सायलेन्सर. सायलेन्सर बदलला. चेनकव्हर बदललं. आवाज आपला हाय तिथंच.

सारजाबाई : त्ये बी जावयाच्याच नावावर बरं का. म्हनं त्यानं हात लावला तवापासनं गाडी बिघडली. कुत्र्यानं सीट फाडली आसती तरी म्हनलं आसतं, गोरखनं फाडली.

सावळाराम : भिमाजी, मी निर्वाणीचं सांगतोय. मी बसवतो बल्ब. उद्या. दे त्यो स्क्रूडायवर.

भिमाजी : घ्या, सुटली बी रिंग. एक स्क्रू तर व्हता. आता बल्ब... आरं, ह्ये काय कोंबलंय आत?

सावळाराम : पॅकिंग हाय. वायरीचं. ऱ्हाऊ दे तसंच.

भिमाजी : एवढं जड पॅकिंग? चिंधीवर सुतळी बी बांधलीय. थांब, सोडून तर बघू... आयला! वैनी! अवो वैनी, हिकडं बघा. आठ-नऊचा!

सारजाबाई : बघू. आणा हिकडं. ...ह्योच. गंज बी चढला न्हाई. मजेत व्हता की.

भिमाजी : काखेत कळसा आन् गावाला वळसा! वा रं पठ्ठ्या! पाना स्वताच्या दिव्यात, आन् चोर हुडकतोय डिंगोऱ्यात! आता पारावर म्हैनाभर दुसरा विषय न्हाई बघ.

सावळाराम : ऱ्हायला आसंल चुकून. मानसाकडनंच चूक व्हती.

सारजाबाई : जावयांनी तवाच सांगितलं व्हतं. चुलीम्होरनं ऐकलंय मी. 'मामा, रिंग उघडून बघा एकदा, पाना आतच ऱ्हायला आसंल.' आन् मामा काय म्हनलं? 'पावणं, मी गाडी शिकलो तवा तुमाला चड्डीची नाडी बांधता येत न्हवती.' आसं बोलतं का कुणी जावयाला?

भिमाजी : आरं तिच्या! नाडी? हॅ हॅ...

सारजाबाई : हसू नका भावजी. जरा थांबा. पाना चिंधीत गुंडाळलेला व्हता ना?

भिमाजी : व्हय की. चांगला घट्ट.

सारजाबाई : मग चुकून ऱ्हायलेल्या पान्याला चिंधी कुणी गुंडाळली?

भिमाजी : आं?

सारजाबाई : गाडीची खुळखुळ कवा थांबली?

भिमाजी : थांबली ती... दिवाळीनंतर. कार्तिकात. मी म्हनलं बी व्हतं, काय राव, आता तू आल्याचं कळत न्हाई... वैनी, मी निघतो. म्हशीला पाणी दावायचंय.

सारजाबाई : बल्ब बसवा आधी. म्हैस काय तेवढ्यानं मरत न्हाई.

(भिमाजी बल्ब बसवतो, रिंग लावतो. बटण दाबल्यावर दिवा लागतो. कुणाकडं न बघता तो निघून जातो.)

सारजाबाई : ही चिंधी वळखली का?

सावळाराम : चिंधीत काय वळखायचं?

सारजाबाई : माझं हिरवं इरकली लुगडं हाय ह्ये. शालनला मुलगा झाला म्हनून कानावर आलं, त्या दिवशी फाडलं मी, बाळाच्या गोधडीला. काठाकडचा एक तुकडा कमी पडला. घरभर हुडकला. म्हनलं, उंदरानं नेला. गोधडी तवापासनं ट्रंकंत पडलीय, आन् उंदीर ह्यो माझ्याम्होरं बसलाय.

सावळाराम : सारजे, तू आधी ऐकून घे...

सारजाबाई : म्हंजी कार्तिकापासनं ठावं व्हतं तुमाला.

सावळाराम : ...व्हय.

सारजाबाई : आन् मी रोज देवाला म्हनत व्हते, ह्यांच्या मनातला संशय जाऊ दे.

सावळाराम : कानावर आलं त्याच दिवशी निघालो व्हतो मी. तुला न सांगता. लई आनंद झाला व्हता गं मला. म्हनलं, जाऊ द्या पाना, पोराचं तोंड बघून यावं. दिवा मिचमिचत व्हता म्हनून रिंग उघडली, आन् ह्यो आतनं घरंगळून माझ्या हातात पडला. मग पायच उचलंना.

सारजाबाई : मग तर पळत जायाचं की!

सावळाराम : कोणत्या तोंडानं जाऊ?

सारजाबाई : ज्यानं चोर म्हनलात त्याच. दुसरं कुठनं आणणार?

सावळाराम : चोर म्हनलो न्हाई मी. तोंडानं एकदा बी म्हनलो न्हाई.

सारजाबाई : पिशवीत हात घातल्यावर म्हनायला ऱ्हातं काय? आन् मग विहिरीत का टाकला न्हाई ह्यो? कुणाला कळलं बी नसतं.

सावळाराम : टाकवला न्हाई. हातात घेऊन गेलो व्हतो काठापतुर. मुंबईचा माल... जीव झाला न्हाई. आन् घरात ठेवला तर तुला घावला आसता. म्हनून परत आत ठेवला. वाजू नये म्हनून...

सारजाबाई : पाना टाकवला न्हाई. पोरगी टाकवली.

सावळाराम : आसं नको बोलू.

सारजाबाई : मग कसं बोलू? आवो, मला वाटायचं मानूस ताठ हाय. ताठ मानसाच्या घरी दिली बापानं, सोसलं पाहिजे, आसं म्हनून मी गप बसले. पोरीचं बाळंतपण हुकलं तरी गप बसले. उलट जावयालाच मनातनं शिव्या घातल्या, की एवढं काय लागलं त्यांना, घालायचा इसरून. आन् तुमी? तुमी ताठ बी न्हाई. नुसतं भित्रं. जावयाला भिऊन दिव्यात लपून बसलात.

सावळाराम : ...आता काय करू म्हनतीस?

सारजाबाई : दिवा लागलाय. निघा.

सावळाराम : आत्ता?

सारजाबाई : मग काय पुढच्या धोंड्याला? तवर पोरगं शाळंत जाईल.

सावळाराम : आन् गोरखरावांनी दारातनंच माघारी लावलं तर?

सारजाबाई : आता बरं गोरखच्या म्होरं राव लागलं! माघारी लावलं तर दारात बसायचं. शालन तांब्याभर पाणी तरी आणून देईल, पोरगी माझी हाय. नातू रांगत उंबऱ्यापतुर यील. तेवढा नीट बघून घ्या. कुणावर गेलाय, केस किती हायेत, मला सगळं सांगायचं.

सावळाराम : तू बी चल की मागं बसून. तू आसलीस तर बोलणं सोपं जाईल.

सारजाबाई : म्हनूनच येत न्हाई. माझ्या पदराआडनं बोलाल तुमी. मी हिथं डाळ भिजत घालते. जावई आलं तर पुरण करीन. न्हाई आलं तर आपल्या दोघांना आमटी.

सावळाराम : सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई तुझा.

सारजाबाई : माझा? ...उठा. टोपी घाला. ऊन उतरलंय.

सावळाराम : बरं, ती खुंटीवरची कापडी पिशवी दे. गोधडी ठेवतो तिच्यात. आन् पाना बी.

सारजाबाई : गोधडी ठेवा. पाना पिशवीत न्हाई ठेवायचा. वरच्या खिशात घाला, निम्मा भायेर दिसंल आसा.

सावळाराम : का? पडंल की रस्त्यात. पिशवीत काय व्हतंय?

सारजाबाई : पावण्याच्या पिशवीत हात घालून बघायची त्या घराला सवय न्हाई.