मुळगावात पांढरं काय

कॅमेऱ्याला आधी पांढरं म्हणजे काय ते दाखवावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक आहे का? समोर एखादी पांढरी वस्तू धरायची, मग बाकीचे रंग तो तिच्यावरून ठरवतो.

मुळगावला माझ्या मामांच्या शेतावर खाणीची लाल धूळ बसली होती. तक्रारीच्या अर्जाला फोटो जोडायचा होता, म्हणून मी नवा डिजिटल कॅमेरा घेऊन गेलो आणि पांढरा कागद घरी विसरलो. मामा म्हणाले, "माझा बनियन घे मरे. मामीन कालच धुतल्यान."

बनियनवरून रंग ठरवून फोटो काढला, तर शेत हिरवंगार आणि धुळीचा पत्ता नाही. मामा फोटोकडे बघत म्हणाले, "ह्या बघून सायब माकाच विचारतलो, पीक इतक्या बरा असताना अर्ज कसलो?"

मग टॉवेल झाला, उशीचा अभ्रा झाला. शेत आपलं हिरवंच. कॅमेराच बिघडला असं मला वाटायला लागलं.

मामी पायरीवर नारळ फोडत होती. म्हणाली, "ह्या चलता काय बघ. हेच्या आत धूळ जायत नाय."

खोबऱ्यावरून रंग ठरवला. आता फोटोत शेत लाल, बांध लाल, माडाची झावळंसुद्धा लाल. समोर दिसत होतं अगदी तसंच.

मामा खूश झाले. मामीने मात्र ती नारळाची कवड बनियनला लावून धरली आणि दोन्हींचे रंग ताडून बघितले: खोबरं पांढरं, बनियन तांबूस.

"मग इतकी वर्सां," तिने मला विचारलं, "मी धुवत काय होतंय?"