रस्ता विचारायचा नाही

दातवाला: वहिनी, आधी पाणी द्या आणि मग तुमच्या नवऱ्याला चार शब्द सुनवा. मेलो मी आज.

वहिनी: केवढा उशीर, भावजी! माझी दुसरी कॉफी गार झाली. स्वेटर घाला आधी, घाम अंगावर वाळतोय.

दातवाला: उशीर मी नाही केला, या वाटाड्याने केला! त्या दगडी घोड्याच्या चौकात नुसतं गरगर फिरवलं. एकदा गेलो, म्हटलं ठीक. पुन्हा तोच घोडा. चढाची गल्ली, पूल, घोडा, परत गल्ली. मी आपला मागून शाब्बास शाब्बास ओरडतोय. अहो, शेवटी तो घोडा माझ्याकडे बघून हसायला लागला.

वाटाड्या: चढाचा सराव लागतो. आपण नाव दिलंय त्या शर्यतीत शेवटी चढच आहे.

दातवाला: असू दे की! वर्षातनं एकदा परक्या शहरात घर भाड्याने घेऊन राहतो ते कशाला? सकाळी जरा पळावं, दुपारी ताणून द्यावी, संध्याकाळी भटकावं. याने पार वेठीला धरलं मला.

वहिनी: अहो, पण तुमचं तर नदीकाठाने यायचं ठरलं होतं ना? काल माझ्यासमोर नकाशा बघितलात.

वाटाड्या: बदललं.

वहिनी: कधी?

वाटाड्या: पळताना. हात चिकट झालेत गं, धुवून येतो.

(वाटाड्या उठून हॉटेलात आत जातो.)

दातवाला: काय झालं वहिनी? चेहरा का उतरला? मी गंमत करत होतो हो.

वहिनी: भावजी, खरं सांगा. नदीकाठाला लागलातच नाही ना आज?

दातवाला: काठाला नाही... पुलावरून दिसली. तोच पूल, पुन्हा पुन्हा.

वहिनी: आणि तुम्ही काही विचारलं नाहीत?

दातवाला: आमचा नियम विसरलात? पळताना रस्ता विचारायचा नाही. जो विचारेल त्याने त्या दिवशी घरची सगळी भांडी घासायची. आजवर प्रत्येक सुट्टीत मीच घासतोय! आणि त्याला काय विचारणार? जन्मभर पाण्याच्या पाइपांचे नकाशे काढले त्याने. एकदा नकाशा बघितला की अख्खं शहर त्याच्या डोक्यात.

वहिनी: ते हरवले होते.

दातवाला: कोण?

वहिनी: हे. आज हरवले होते. आपल्या गावातसुद्धा हरवतात. सकाळी पळायला जातात ते उन्हं वर आली तरी पत्ता नाही. माझा जीव टांगणीला. येतात ते ओठ सुकलेले, पाय ओढत, आणि म्हणतात, यंदा पल्ला वाढवलाय. मध्यंतरी आपल्याच गल्लीच्या तोंडाशी उभे होते. दूधवाल्याने हात धरून घरी आणलं.

दातवाला: म्हणजे ते लांब लांब पल्ले... अहो, आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर केवढं कौतुक केलं आम्ही! मी लिहिलं, याच्या पायाला भिंगरी लागलीय.

वहिनी: यांनी मला वाचून दाखवलं होतं. हसले होते.

दातवाला: आणि मी गाढवासारखा मागे मागे. स्वतःला डॉक्टर म्हणवतो!

वहिनी: तुम्ही दातांचे. तुम्हाला काय कळणार?

दातवाला: कुणाला दाखवलंत?

वहिनी: दाखवलं. विसरण्याचाच आजार आहे, वाढत जाणार म्हणाले. पळू देत, पण एकटं सोडू नका. आता सोबतीचं नाव काढलं की हे अंगावर येतात. तुमचं ऐकतील म्हणून या सुट्टीची वाट बघत होते. इथे आल्यावर तोंडच उघडेना माझं. तुम्ही दोघं किती खुशीत होतात.

वाटाड्या: झालं सांगून?

वहिनी: अगंबाई! केव्हा आलात?

वाटाड्या: आत दोन दारं आहेत. मी भटारखान्यात शिरलो. तिथल्या बाईने इथवर आणून सोडलं. चांगली बाई आहे.

दातवाला: लेका, मला एका शब्दाने बोलला नाहीस.

वाटाड्या: काय बोलू? दुसऱ्यांदा घोडा दिसला तेव्हा ओळखीचा वाटला, एवढंच. कुठे बघितलाय ते आठवेना. तेवढ्यात तू मागून ओरडलास, "शाब्बास, आणखी एक फेरी!" तेव्हा कळलं, आपण इथूनच गेलो होतो.

दातवाला: थांबायचंस ना रे.

वाटाड्या: भीती वाटली. थांबलो असतो तर तू विचारलं असतंस. पळणाऱ्या माणसाला कोणी काही विचारत नाही. आणि पाय ठणठणीत आहेत माझे. हे बघ, काय वाटेल ते कर, पण हिच्या बाजूने होऊन माझं पळणं बंद करू नकोस. घरात बसलो तर संपेन मी.

दातवाला: बंद कोण करतंय? पण यापुढे पुढे मी.

वाटाड्या: तू? तुला स्वतःच्या दवाखान्याचा मागचा जिना सापडत नाही!

दातवाला: मग हरवू दोघं. आपल्या गावी परत गेल्यावरसुद्धा. रोज सकाळी तुझ्या दाराशी येईन.

वाटाड्या: तू संध्याकाळचा पळणारा. सकाळी उठणार?

दातवाला: तुला शिव्या घालत उठेन.

वहिनी: अहो, हो म्हणा. माझ्यासाठी म्हणा. रोज त्या खिडकीत उभी असते मी. आता नाही हो सहन होत.

वाटाड्या: रडू नकोस गं, लोक बघतायत. बरं. पुढे हा.

वहिनी: नक्की?

वाटाड्या: नक्की. विसरलो तर पुन्हा सांगा.

दातवाला: चला, उठा. आंघोळी उरकू आणि आज दिवसभर नुसतं लोळू. हे काय, उभा का राहिलास?

वाटाड्या: अरे... आपलं घर कुठल्या बाजूला?

वहिनी: अहो...

वाटाड्या: विचारलं मी. आज भांडी माझी.

दातवाला: छे! नियम पळतानाचा आहे. चालताना विचारलेलं धरत नाहीत.