पाणचक्कीची बोली

कानाच्या दवाखान्यात नावं लिहून घेणारी मुलगी काचेआड बसली होती. काचेतल्या फटीतून तिला समोरच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या जावांचं बोलणं आयतंच ऐकू येत होतं.

"जाऊबाई, हळू बोला. सगळे बघतायत."

"बघू देत! मी बहिरी झालेय, हे सुनेच्या डोक्यात आलं कुठून?"

"तिनं मागून हाका मारल्या, तुम्ही वळलाच नाहीत."

"मग समोर येऊन बोलावं ना! आपल्या पाणचक्कीवर कुणी कधी मागून हाक मारली?"

"मारून उपयोग काय होता? मामंजींनी नदीवर चाक बसवलं, त्याभोवती वस्ती वसली, आणि त्या घरघरीत कुणाला कुणाचं ऐकू म्हणून येईना."

"सासूबाई नुसते ओठ हलवायच्या. मी नवी नवरी, मला वाटलं, बिचाऱ्या मुक्या आहेत!"

"आणि त्या तुम्हालाच झापत होत्या."

"पण काय बाई होती! पलीकडच्या काठावरच्या गिऱ्हाईकाचे ओठ बघून सांगायची, याला पीठ जाडसर हवंय. अख्ख्या वस्तीला ओठ वाचायला तिनंच शिकवलं."

"विजेची गिरणी आली नि चाक थांबलं, तो दिवस आठवतो?"

"न आठवायला काय झालं! सगळे कुजबुजत होते, मयताला आल्यासारखे. सासूबाई म्हणाल्या, चाक गेलं तरी आपली बोली मोडायची नाही."

काचेआडची मुलगी शेजारच्या नर्सला आवाज न करता, नुसते ओठ हलवून म्हणाली, "कसल्या भारी आहेत ना दोघी!"

"भारी नंतर म्हण गं, बाळ," बाकावरून थोरली गरजली, "आधी आमचा नंबर लाव!"