खाली ठेवलेली खुर्ची

कंबरदुखीच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई बसल्या होत्या आणि त्यांच्यासमोर एक सलूनवाले भिंतीला टेकून उभे होते.

“बसा की, दादा.”

“नको, ताई. बसलं की कमरेतून थेट टाचेपर्यंत कळ जाते.”

“दिवसभर उभं राहून झालं असेल.”

“उभं राहून नाही, वाकून झालंय. सलूनमधली खुर्ची फार खाली आहे.”

“वर होत नाही ती?”

“होते की. पायानं दांडी दाबली की येते वर.”

“मग घोडं अडलंय कुठे?”

“एकदा वर गेली की खाली यायला फार त्रास देते. आणि वडील दाढीला यायचे. त्यांना उंच खुर्चीवर चढता यायचं नाही.”

“म्हणून सगळ्यांसाठीच खाली? गिऱ्हाईक काही बोलत नाही?”

“गिऱ्हाईक आरशात स्वतःला बघत असतं. माझ्या कमरेकडे कोण बघतंय?”

“मी मशीनखाली विटा घातल्या, तेव्हा कुठे माझी पाठ गप्प बसली. तुम्ही खुर्चीपुढे लाकडी पायरी ठेवा. वडील आरामात चढतील.”

“पायरी. हे सुचलंच नाही कधी.”

“आता कधी यायचेत ते?”

“आता नाही येत. गेल्या वर्षी वारले.”

“अरेरे. मग खुर्ची अजून खालीच?”

“हो.”

“डॉक्टरांना सांगितलंत हे?”

“नाही. ते वर करा म्हणतील.”