कर्तव्यावर पाय घसरला

मिनल : पडलात हे मान्य. एक्स-रे आहे, प्लास्टरचा कागद आहे, चौसष्ट दिवस तुम्ही कोर्टात दिसला नाहीत हे सगळ्यांनी पाहिलंय. पण काका, तुम्ही पडलात कोण म्हणून?

श्रीपती : कोण म्हणून म्हणजे? पडताना माणूस कोण असतो?

मिनल : नियमाने दोन प्रकारचा असतो. बेलिफ म्हणून पडला असाल तर विशेष विकलांगता रजा, ती तुमच्या खात्यातून कापत नाहीत. नुसते श्रीपती म्हणून पडला असाल तर तुमचीच अर्जित रजा जाणार.

श्रीपती : पायरीवर उभा होता तो बेलिफ होता, मॅडम. खाली आला तो श्रीपती.

मिनल : पायरी? अर्जात तर तुम्ही रस्ता लिहिलाय.

श्रीपती : चौक गाव बघितलंय का तुम्ही कधी? तिथं रस्त्यालाही पायऱ्या असतात. एकीकडे टेकडी, एकीकडे समुद्र, मध्ये बोंबील वाळत घातलेले. त्यातून सरकार आम्हाला समन्स घेऊन चालवतं.

मिनल : चालवतं, पण ऑफिस सुटेपर्यंत, सहा वाजून दहा मिनिटांपर्यंत. तुम्ही पडलात साडेसहाला. म्हणजे वीस मिनिटं तुम्ही स्वतःच्या आवडीने चौकला होतात, असं वरच्या ऑफिसचं म्हणणं आहे.

श्रीपती : लई आवड मला. एकतीस वर्षं लोकांच्या दारात जाऊन शिव्या खायची आवड. त्यांना कळवा, की गावातल्या बाया दिवसभर बाजारात असतात, दिवेलागणीला घरी येतात. पुढच्या वेळी मी समन्स दुपारी दोनला समुद्राला बजावीन.

मिनल : मी कळवते हो. मी तुमच्याच बाजूने आहे, फक्त रजेच्या टेबलाच्या या बाजूला बसले आहे. वरून तीन शेरे आलेत. एक, वेळ. दोन, बायोमेट्रिकला त्या दिवशी तुमचा बाहेर जाण्याचा अंगठा नाही.

श्रीपती : अंगठा शाबूत होता. मशीन मात्र कोर्टातच राहिलं. मी हॉस्पिटलात होतो.

मिनल : आणि तीन, पडताना पाहणारा साक्षीदार. याच्याशिवाय फाईल हलणार नाही.

श्रीपती : साक्षीदार नाही.

मिनल : असं कसं? पाय दोन ठिकाणी मोडला. तुम्ही ओरडला असाल.

श्रीपती : सरकारी नोकराने किती आवाजात ओरडायचं याचं परिपत्रक माझ्याकडे नव्हतं.

मिनल : काका, मस्करी पुरे. मे महिन्यात तुम्ही रिटायर. इंदूकाकूंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन बारा फेब्रुवारीला. रिटायर व्हायच्या आधी झालं तरच बिल ऑफिसकडे टाकता येणार, म्हणून तुम्ही ही तारीख धरलीत. बरोबर?

श्रीपती : बरोबर. जूनपासून गुडघे तिचे आणि बिलही तिचंच.

मिनल : दोन्ही गुडघे एकदम. दीड-दोन महिने त्यांना उठवायला, बसवायला, बाथरूमला न्यायला माणूस लागणार. मुलगा लोकेश दुबईला. म्हणजे तुम्हीच. तुमची शिल्लक रजा सत्तर दिवस. हे चौसष्ट त्यातून गेले तर राहिले सहा. सहा दिवसांत काकू चालायला लागतील?

श्रीपती : तिला तसा मेमो काढून बघू.

मिनल : मला हसू येत नाहीये.

श्रीपती : मलाही कुठं येतंय. पण तोंड उघडलं की हेच निघतं. एकतीस वर्षांची सवय.

मिनल : मग नीट सांगा. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलच्या खाटेवरून पाठवलेला तुमचा बजावणी अहवाल माझ्यासमोर आहे. तुमचंच मोत्यासारखं अक्षर. "प्रतिवादी गोदूबाई हिच्या राहत्या घरी समक्ष गेलो. दार बंद. प्रतिवादी मिळून आली नाही. शेजारी चौकशी करता कधी येईल हे सांगता आले नाही. सबब समन्स न बजावता परत." यातला शेजारी कोण? त्याचा चार ओळींचा जबाब मिळाला तरी माझं काम होईल.

श्रीपती : नाव विचारायचं राहिलं.

मिनल : तुमच्याकडून? अहो, तुम्ही शेजाऱ्याच्या कुत्र्याचंही नाव अहवालात लिहिता!

श्रीपती : वय झालं, मॅडम. म्हणून तर घरी पाठवतायत.

मिनल : बरं. तुम्ही नाही शोधलात, मी शोधला. आपला दुसरा बेलिफ जितेश गेल्या आठवड्यात उत्तनकडे बजावणीला गेला होता. मी त्याला सांगितलं, चौकमध्ये विचार, आमचे बेलिफ काका पडले ते कोणी पाहिलं का. मिळालंय माणूस. आज येतंय.

श्रीपती : कोण?

मिनल : नाव नाही सांगितलं त्याने. म्हणाला, एका बाईने सगळं डोळ्यांनी पाहिलंय, हळद लावली, फडकं बांधलं, रिक्षात बसवलं.

श्रीपती : मिनल, तिला परत पाठव.

मिनल : का?

श्रीपती : अर्ज मागे घेतो मी. कागद दे, आत्ता लिहून देतो.

मिनल : काका, तुम्हाला घाम आलाय. बसा आधी.

(दारात गोदूबाई. डोक्यावर रिकामी पाटी, हातात घडी घातलेला कागद.)

गोदूबाई : ते पाय मोडलेले साहेब हितंच बसतात ना? अगो बाय, हे काय समोरच हायत! पाय बरा हाय ना, साहेब?

श्रीपती : मी तुम्हाला ओळखत नाही.

गोदूबाई : अवो मी गोदूबाई! माझे घराचे पायरीवरून तर पडलात. माझंच लुगडं फाडून बांधलं ना तुमचे पायाला!

मिनल : गोदूबाई? त्याच समन्समधल्या?

गोदूबाई : तीच. दुसरी गोदूबाई आमचे गावात न्हाय. या साहेबांनी माझेवर लय उपकार केलेत, बाय. मना कळलं, यांची रजा अडलीय, कोनी बघणारा पायजे. मी म्हटलं, मी हाय की! माझे नातीकडून, दिव्याकडून, लिवून आनलंय. अंगठा न्हाय, सही केलीय. घ्या.

मिनल : थांबा. आधी तोंडी सांगा. त्या दिवशी तुम्ही घरी होतात?

गोदूबाई : व्हते म्हंजे! चा ठेवलेला. साहेबांनी कागद वाचून सांगितला. माझे दिरानं केस टाकलेली, का घर त्याचं हाय, मना बाहेर काढा म्हणून. आन् तारीख कंदी? दुसऱ्या दिवशीची! मी एकटी बाई, रातीत वकील कुठून आनू? मी रडाय लागले. तवा साहेब बोलले, बाई, तू घरी न्हायस. मी बोलले, मी हितंच बसलेय की! ते बोलले, न्हायस. दार लाव.

मिनल : काका?

श्रीपती : ऐकतोय.

गोदूबाई : मंग ते उठले, कागद पिशवीत घातला, आन् पयलेच पायरीवर पाय घसरला. तिथं मी मासली धुतलेली ना. त्याचं मना लय वाईट वाटतं. समदं लिवलंय यात. वेळसुदा.

मिनल : गोदूबाई, जरा बाहेर बाकावर बसता? पाच मिनिटं. कागद तुमच्याकडेच ठेवा. कोणाला देऊ नका, शिपायालाही नाही.

गोदूबाई : बसते. पन रजा द्या हां त्यांना.

मिनल : काका, हा काय प्रकार आहे?

श्रीपती : तू ऐकलास तोच.

मिनल : खोटा अहवाल? तुम्ही? नव्या बेलिफांना तुमचे अहवाल दाखवून शिकवतात इथे!

श्रीपती : ते समन्स सही होऊन किती दिवस पडून होतं माहिती आहे? एकोणीस. कपाटात, दुसऱ्या फायलीखाली. माझ्या हातात आलं तारखेच्या आदल्या दिवशी दुपारी. त्या एकोणीस दिवसांवर कोणाचा शेरा नाही आला. माझ्या वीस मिनिटांवर आला.

मिनल : मग तसंच लिहायचं ना. समन्स उशिरा मिळालं म्हणून.

श्रीपती : लिहिलं असतं. कोणी वाचलं असतं, कोणी नसतं. ती हजर नाही म्हणून एकतर्फी झालं असतं, की तारीख मिळाली असती, सांगता येत नाही. एकदा मी ते नियमावर सोडलं होतं.

मिनल : कधी?

श्रीपती : नोकरीचं दुसरं वर्ष. तेव्हा मी दुसऱ्या तालुक्यात होतो. एका घराला कुलूप. मी नियमाप्रमाणे समन्स दारावर डकवलं, दोन पंचांच्या सह्या घेतल्या. साहेबांनी अहवालाचं कौतुक केलं. बाई होती दवाखान्यात, नवऱ्यापाशी. निकाल एकतर्फी लागला, पाच महिन्यांनी ताबा घ्यायला मलाच पाठवलं. तिची भांडी मी मोजून बाहेर ठेवली. एकूण नग बेचाळीस. ती बाई मला म्हणाली, दादा, तुम्ही आधी आला असतात तर. मी आलो होतो, पोरी. मीच आलो होतो.

मिनल : हे कधी बोलला नाहीत.

श्रीपती : त्याला रकाना नव्हता. गोदूबाईच्या दारात ती भांडी आठवली. बस. एकतीस वर्षांत एक खोटा कागद. त्याच्यामुळे तिला महिन्याची तारीख मिळाली, मोफत सल्ल्यातला वकील मिळाला, कैफियत दाखल झाली. आता केस तिची ती लढेल. हरेल, जिंकेल, पण समोर उभी राहून.

मिनल : आणि हा जबाब मी आवक नोंदवहीत चढवला, तर माझा साक्षीदार पक्का. वेळ, जागा, लुगडं, सगळं जुळतं. तुमची रजा मंजूर.

श्रीपती : आणि दुसऱ्या दिवशी दिराचा वकील अर्ज देईल, की बेलिफ प्रतिवादीला सामील. माझी विभागीय चौकशी, पेन्शन लटकली. त्याहून वाईट, तिची कैफियत संशयात. तिने मोठ्या मायेने माझा गळा कापायला कागद आणलाय.

मिनल : आणि तिला बोलावलं मी.

श्रीपती : तू चांगल्यासाठी बोलावलंस. तिनेही चांगल्यासाठीच लिहिलं. या ऑफिसात सगळं नुकसान चांगल्यासाठीच होतं.

मिनल : रिक्षावाला शोधू? तो म्हणेल, मी चौकच्या स्टॉपवरून घेतलं.

श्रीपती : तो विचारेल, पायाला लुगडं कोणाचं. नको. एक खोटं मी माझ्या हाताने लिहिलंय, त्याचं मी बघून घेईन. दुसरं तुझ्या हाताने नको. तुझी अजून तीस वर्षं जायची आहेत.

मिनल : आणि काकू?

श्रीपती : तिला सगळं सांगितलंय त्याच रात्री. म्हणाली, बरं केलंत. नंतर म्हणाली, पायरी बघून तरी उतरायचं.

मिनल : गोदूबाई, या आत.

गोदूबाई : झालं काम?

मिनल : हा कागद परत न्या. चुलीत घाला. दिव्यालाही सांगा, असं काही लिहिलंच नव्हतं.

गोदूबाई : का गो? खोटं हाय का त्यात कायी?

मिनल : एक अक्षर खोटं नाही, तीच अडचण आहे. तुम्ही घरी होतात हे बाहेर कळलं, तर यांची नोकरी जाईल आणि तुमची केस बिघडेल.

गोदूबाई : अगो देवा. मी तर यांचं बरं कराय आले.

मिनल : तुम्ही आलाच नाहीत.

गोदूबाई : मी हितं उभी हाय की!

मिनल : नाही. आवकचा शिक्का पडलेला नाही. गोदूबाई मिळून आल्या नाहीत.

श्रीपती : वा. अक्षर माझं नाही, पण भाषा शिकलीस.

गोदूबाई : मंग यांचे रजेचं काय?

श्रीपती : होईल काहीतरी. बायकोचं ऑपरेशन आहे, बाई. दोन्ही गुडघे. माझी रजा संपली, एवढंच. दिवसभराची बाई लावू एखादी.

गोदूबाई : कुठं रायता?

श्रीपती : इंद्रलोक भागात.

गोदूबाई : मी केबिन रोडला बसते मासली घेऊन, बारापतोर, मंग परत चारला. तिथून तुमचं घर कितीसं? मधी दुपारची मी येते. सासू बारा वर्सं अंथरुनात व्हती माझी, उठवाय-बसवायचं मना शिकवू नका.

श्रीपती : नको, नको. तुमची केस चालू आहे कोर्टात. मी कोर्टाचा माणूस. बरं दिसत नाही.

गोदूबाई : तुमचेकडं कोन येतंय? मी बायकोकडं येते. काय गो बाय, त्याला कायदा हाय का?

मिनल : फेब्रुवारीपासून यांना बजावणीवरून काढून रेकॉर्डला बसवायला मी अधीक्षकांना सांगते, पायाचं कारण आहेच. मग तुमच्या केसशी यांचा संबंध राहत नाही. आणि काकूंच्या मैत्रिणी कोण असाव्यात, यावर अजून परिपत्रक निघालेलं नाही.

गोदूबाई : मासली खाते ना बायको?

श्रीपती : खाते. पण वासावरून भांडते.

गोदूबाई : भांडूंदे. येते मी. बस जाईल.

मिनल : गेल्या. चला काका, विशेष रजेचा अर्ज मागे, हा साधा अर्जित रजेचा फॉर्म. चौसष्ट दिवस. कारण काय लिहू?

श्रीपती : लिही. घराच्या पायरीवरून पाय घसरून फ्रॅक्चर.

मिनल : घराच्या. कोणाच्या घराच्या?

श्रीपती : फॉर्ममध्ये विचारलंय?

मिनल : नाही.

श्रीपती : मग आपण कशाला नियमाबाहेर जायचं?