कोकोकोच्या आधीची चौकशी

— नाही नाही, फ्रेंच नको. ती तिकडे फाटकाबाहेर ठेवा, चपलांच्या शेजारी. आधी हे पाणी घ्या, सावकाश प्या, मग मी हालहवाल विचारते — आपली रीतच आहे, पाण्याआधी बातमी नाही. आणि मी आपली बाउलेतच बोलणार हं, आत्याबाई. दारात तुम्ही फ्रेंचमध्ये सांगितलंत, मी आर्सेनची आत्या, बुआकेहून आले, ते ठीक झालं, अबिदजान शहरात दार फ्रेंचनंच उघडतं. पण दोन बाउले बायका आंब्याखाली बसल्या की फ्रेंच कशाला हवी मध्ये, सवतीसारखी?

तर सांगा, काय हालहवाल? … नुसत्याच हसताय. बरोबर आहे. जुन्या वळणाची बाई लगेच भडाभडा ओकत नाही. आणि कारण काय मला कळत नाही? शनिवारी तुम्ही शेजारी कोकोको करायला येणार, दार ठोठावून आर्सेनसाठी एडविजला मागणी घालणार, त्याआधी शेजारणीकडून घर कसं आहे ते काढून घ्यावं. घ्यावंच. मीही हेच केलं असतं. फक्त येताना तळलेले मासे आणले असते, पण असू दे.

मुलगी? सोनं आहे सोनं. फ्रेंच तर अशी बोलते की रेडिओवालीनं मान खाली घालावी. अहो, त्या घरात सगळंच फ्रेंच! ब्लांदीन, म्हणजे तिची आई, हिनं मुलं झाल्यावर फर्मानच काढलं — गावठी बोलायचं नाही, शाळेत नुकसान होतं. नाही झालं नुकसान. मुलं वर्गात पहिली आली. आता कोंबडीला हाकलतात तीही फ्रेंचमध्ये, आणि कोंबडी बिचारी गावाकडची, अडाणी, ढिम्म हलत नाही. ब्लांदीन बाजारात भाव करते तोही फ्रेंचमध्ये — विकणारी जुला जमातीची, घेणारी बाउले, आणि मधल्या टोपलीत पॅरिस. पाप कबूल करायचं तेसुद्धा फ्रेंचमध्ये, कारण पाद्री पडला बेते जमातीचा. तेवढं मात्र खरं म्हणा, फ्रेंच नसती तर या देशात आपण एकमेकांशी भांडलो कसे असतो? मुक्यानं?

आणि या सगळ्यात नाना. नाना म्हणजे आजी, एडविजच्या बापाची आई हो, गावाहून आणून ठेवलीय. डोळे गेलेत, कान मात्र शाबूत. तिला फ्रेंचचं अक्षर येत नाही आणि घरात दुसरं काही मिळत नाही. सासूसुनेचं भांडणसुद्धा माझ्यामार्फत! सून ओरडते, मी त्यातलं मीठ-मिरची काढून सासूला वाढते. सासू शिव्या देते, मी त्यांचे आशीर्वाद करते. दोघीही मला म्हणतात, ती दिसते तेवढी वाईट नाही गं. एडविज संध्याकाळी आजीच्या पायाशी बसते. आजी काहीबाही बोलते, पोरगी तिचा हात धरून फ्रेंचमध्येच होकार भरत ‘वुई नाना, वुई नाना’ करते, आणि मग हळूच माझ्याकडे — तांती, मावशी गं, आजी काय म्हणाली? मी सांगते. कधी कधी सांगवत नाही. परवा म्हातारी म्हणत होती, ‘ही पोर कोणाची गं? इतकी मायाळू, पण परकी.’ मी एडविजला सांगितलं, आजी म्हणते तुझे हात मऊ आहेत.

आता या नानानं हट्ट धरलाय. मुलाकडच्यांनी आपल्या भाषेत मागितली, मी माझ्या कानांनी ऐकली, तरच पोर देईन; फ्रेंचमध्ये मागायची असेल तर बायको दुकानातून आणा म्हणावं! आणि नानाच्या होकाराशिवाय बाप पाऊल उचलायचा नाही. ब्लांदीन धावत माझ्याकडे आली — मागणं बाउलेत आलं तर उलट उत्तर कोण देणार? म्हणून तर शनिवारी मीच मुलीची आत्या होऊन —

हे. हे काय बोलले मी?

आत्याबाई, गेलं ते कानाआड करा. मेली जीभच अशी. फसवायचं नव्हतं हो कोणाला, ब्लांदीननं तुमच्याकडे मोठ्या तोंडानं सांगून ठेवलंय ना, आमचं घर रीतीभातीचं म्हणून. पण मुलगी खोटी नाही. माझ्यामुळे तिचं मोडलं तर मी या अंगणात तोंड कुठे लपवू? रागावलात? … हसताय? मान डोलावताय?

थांबा जरा. तुमच्या पायाशी विंचू आहे.

पायाशी, आत्याबाई. भला मोठा. नांगी वर केलीय त्यानं.

… अजून मान डोलावताय.

अरे देवा. म्हणजे मघापासून एक शब्द कळला नाही — एकसुद्धा? आणि मी वेडी म्हणत होते, किती दिवसांनी कोणाशी तरी पोटभर बोलले.

काय? हळू बोला, माझी फ्रेंच बाजारातली आहे. … लहानपणीच शहरात आलात, राहून गेलं. बरं. मग तुमच्या भावाला? त्यालाही नाही. काकांना तरी? — अगं बाई! म्हणजे शनिवारी नानापुढे तुमच्या घरातलं एकही माणूस बाउलेत तोंड उघडू शकणार नाही? एकही?

शू. कुंपणापलीकडे कोण खोकलं?

नाना? … झोपल्या नव्हतात? … मघापासून तिथेच? … सगळं?

नाना, आर्सेन मुलगा वाईट नाही हो, भाषा काय, शिकवता येते, मी रोज — काय? … एडविज? हो. विचारते. तुम्ही काय म्हणालात ते येऊन विचारते. … रोजच विचारते, नाना. … नाही, ते मऊ हातांचं माझ्या मनचं.

उठलात कशाला? काठी घ्या. एडविजला कशाला हाका मारताय आत्ता? थांबा, मी येते, तुमचं बोलणं तिला कळायचं नाही—

मी नको? मध्ये कोणीच नको?

… बरं नाना. नाही येत.

निघा तुम्ही, मादाम. फ्रेंचमध्ये सांगतेय. या आता.