तांबी काढल्यानंतरची काळजी

हसणार नसाल तर सांगतो. हिची कंबर दुखत होती म्हणून रत्नागिरीत एक्स-रे काढला. हाडांच्या डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, तर कंबरेच्या हाडांमध्ये इंग्रजी टी अक्षर स्पष्ट दिसत होतं. मला वाटलं, हिने खिळाच गिळला.

"काकू, ही तांबी आहे. कधी बसवलीत?"

"धाकटी झाल्यावर," ही म्हणाली. "ती आता चाळिशीला आली. काढायची राहूनच गेली बघा."

मी आयुष्यभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, तांब्यावर प्रबंध लिहिला. घरातल्या तांब्याचा मात्र साफ विसर पडला होता.

तांबी काढायला तिथल्याच शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी बाईंना हळूच विचारलं, "काढल्यावर... म्हणजे... पुन्हा दिवस जाण्याचा धोका नाही ना?"

"काका, काकूंचं वय किती?"

"बाहत्तर. पण शंभर टक्के खात्री देता का?"

बाई खोकल्याचं निमित्त करून आत गेल्या. हिने पडद्याआडून सगळं ऐकलं होतं.

तांबी निघाली. परतताना रिक्षा केली. मारुती मंदिरापाशी खड्ड्यात रिक्षा आदळली, तसा मी हिचा हात घट्ट धरला. ही पुढे वाकून रिक्षावाल्याला म्हणाली, "बाबा रे, जरा सावकाश. ह्यांना वाटतंय, मी दोन जिवांची आहे."

त्याने आरशातून हिच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घरापर्यंत रिक्षा खरंच सावकाश चालवली.

खोटं कशाला बोलू, मला तेवढाच धीर आला.